गच्चीवर कोण चालतंय?

आमच्या गच्चीवर कोणीतरी चालत होतं.

गोष्ट अशीच सुरू झाली, म्हणून अशीच लिहिते. तोंडी सांगताना मी तिखटमीठ लावते, असा आमच्या घरातला आरोप आहे. तो खरा आहे. कोणी ऐकायला बसलं की मला चेव येतो, हातवारे सुरू होतात, आवाज बदलतात आणि दोन माणसांची चार होतात. म्हणून या वेळी लिहायलाच बसले. कागदासमोर हातवारे करता येत नाहीत. जे झालं तेवढंच लिहीन. तरी वाचणाऱ्याला कुठे मीठ जास्त वाटलं तर त्याने खुशाल पाणी प्यावं, पण ताटावरून उठू नये.

तेव्हा आम्ही निजामाच्या जुन्या राजधानीत, हिमायतनगरला राहत होतो. खाली तीन खोल्या, वर गच्ची. नवीनच केबल आली होती. बघता बघता गच्च्या-गच्च्यांवर त्या मोठ्या तबकड्या उगवल्या आणि एका घरावरून दुसऱ्या घरावर काळ्या वायरी गेल्या. दूरदर्शनच्या एका वाहिनीवर संसार काढलेल्या आम्हा बायकांना भर दुपारी मालिका दिसू लागल्या. मी मात्र दुपारी चटईवर आडवी व्हायची. मुलगी हॉस्टेलवर, हे ऑफिसात आणि घर म्हणजे पंख्याचा आवाज.

साधारण तीनच्या सुमाराला ती पावलं सुरू व्हायची. चार-पाच सरळ, एकसारखी. मग थांबायची, इतकी की मी चटईवर श्वास धरून वाट बघायची. मग एक जड पाऊल, धप्पकन. त्यानंतर तीन-चार घाईची, मागचं अंतर भरून काढल्यासारखी. चालणारं माणूस एका पायाने अधू असावं, हे मी दुसऱ्याच दिवशी ठरवून टाकलं.

पहिला संशय केबलवाल्यावर. तो वायरी ओढायला गच्च्यांवरूनच फिरायचा. त्याला गाठून विचारलं. तो कानाला हात लावून म्हणाला, "अम्मा, मैं तो महिने में एक बार आता, वो भी पैसे लेने कू." आणि दोन्ही पायांवर टुणटुण उड्या मारत निघून गेला. म्हणजे हा नव्हे.

मग मीच एके दिवशी पावलं ऐकल्या ऐकल्या लाटणं घेऊन वर गेले. गच्ची पांढरीफटक पेटली होती. वाळत घातलेल्या मिरच्या, पाण्याची टाकी, एक वायर, बाकी चिटपाखरू नाही. अनवाणी उभं राहवेना म्हणून मी टाकीच्या सावलीत सरकले आणि कान दिला. पावलं आता खाली होती. मी नुकती जिथून उठून आले त्याच खोलीत कोणीतरी चालत होतं. चार सरळ, थांबा, धप्प, तीन घाईची.

पायऱ्या उतरताना मधल्या वळणावर मला दरदरून घाम फुटला, कान तापले आणि कठडा धरून मी थांबले. मी थांबले तरी पावलं थांबली नाहीत. ती जिन्यातच होती. मी लाटणं खाली ठेवलं आणि उजवा तळवा छातीवर टेकवला. माझ्या तळव्याखाली कोणीतरी लंगडत चाललं होतं.

कोणाला वाटेल, चला, भूत नाही, आपलंच काळीज आहे, सुटलो. मला भूत परवडलं असतं.

याचं कारण माझी आई. आमचं माहेर परभणीकडचं. मातीचं घर, वर माळवद, म्हणजे मातीचंच सपाट छत. मी नववीत असताना आई दुपारी धान्य निवडता निवडता थांबायची आणि म्हणायची, "माळवदावर कोण चालतंय, बघ गं जरा." मी शिडी चढून जायची. वर कोणी नसायचं. खाली येऊन सांगितलं की ती कसनुसं हसायची आणि पुन्हा सूप हातात घ्यायची. असं पुष्कळदा झालं. त्याच वर्षी आई गेली. गेली विषमज्वराने, एकवीस दिवसांच्या तापाने, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण चौदा वर्षांच्या पोरीच्या मनाने आधी पावलं आणि मग मरण अशी गाठ मारून ठेवली, ती कोणी सोडवली नाही. आई तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होती. मला त्या फाल्गुनात सत्तेचाळिसावं लागलं होतं.

आता कळलं ना, लाटणं खाली का ठेवलं ते?

यांना मी फक्त धडधडीचं सांगितलं, माळवदाचं नाही. हे घाबरले आणि घाबरले की हे विनोद करतात. "इतक्या वर्षांनी मला बघून धडधडतंय म्हणजे चांगलंच लक्षण," असं म्हणत रिक्षात घालून घेऊन गेले. डॉक्टरांनी छातीवर गार गार चकत्या चिकटवून ठोक्यांची पट्टी काढली. त्या वेळी काळीज आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखं चाललं. "सब नार्मल है अम्मा, टेन्शन नक्को लो," असं सांगून त्यांनी झोपेची गोळी लिहून दिली. पाळीचं ना त्यांनी विचारलं, ना मी सांगितलं. दोन महिने येत नव्हती, मग आली ती जायचं नाव घेत नव्हती. पण असलं पुरुष डॉक्टरासमोर, यांच्यादेखत कोण बोलणार? पट्टी चांगली आल्यावर तर माझी भीती दुप्पट झाली. यंत्रालाही जे दिसत नाही ते माझ्यात चालत होतं.

त्यानंतर मी कोणालाच काही सांगितलं नाही. चारचौघांत मी जास्तच बडबड करू लागले, जास्तच नकला. रात्री हातपाय गार पडायचे आणि मान भाजायची. देवासमोर बसले की मन म्हणायचं, तुझ्या आईनेही हाच दिवा लावला होता. नामस्मरण करताना ओठ हलायचे आणि कान पावलांकडे लागायचे. देवावरचा विश्वास उडाला असं म्हणणार नाही. पण तो शेजारच्या घरात राहायला गेला आहे आणि भिंतीपलीकडून त्याचा आवाज येत नाही, असं वाटायचं.

चैत्रात आमच्या मंडळाचा सप्ताह आला. गौलीगुड्यात एका बोळात मराठी मंडळींचं विठ्ठलमंदिर आहे, लहानसंच. हनुमानजयंतीला सप्ताहाची सांगता होते. सात दिवस वीणा अखंड उभी असते. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. वीणा गळ्यात अडकवायची, भोपळा छातीशी धरायचा, तारा छेडत नाम घ्यायचं आणि उभं राहायचं. बसायचं नाही. दोन तासांचा एक पहारा. पुढचं माणूस आलं की एकमेकांच्या पाया पडून वीणा त्याच्या गळ्यात द्यायची. सात दिवस ती जमिनीला टेकवायची नाही. आणि पहाऱ्यावर असताना तोंडातून नामाशिवाय दुसरा शब्द काढायचा नाही. रात्रीचे पहारे पुरुषांचे, दिवसाचे बायकांचे. ही वाटणी आमच्या गोदाकाकूंनी भांडून घेतलेली. गोदाकाकू म्हणजे मंडळाच्या सर्वेसर्वा, सत्तरी उलटलेल्या, आवाज असा की लाउडस्पीकरवाल्याने आमच्याकडे धंदा करू नये.

माझा पहारा दुपारी दोन ते चार. पावलांची वेळ. बदलून मागता आली असती, पण मागितली असती तर कारण सांगावं लागलं असतं. माझ्यानंतर चार वाजता कुसुमवन्सं, माझ्या धाकट्या नणंदबाई.

पाचव्या दिवशीची गोष्ट. जेवणं उरकली होती. चोरांच्या भीतीने दुपारी मोठ्या दाराला आतून कडी घालायची पद्धत होती, ती घातलेली. बायका आतल्या खोलीत लवंडल्या होत्या. वीज गेली. पंखा हळूहळू फिरत थांबला आणि सभामंडपात अशी शांतता उतरली की समईची वात जळताना ऐकू यावी. मी एकटी उभी. समोर विठोबा कमरेवर हात ठेवून. मी राम कृष्ण हरी म्हणत होते आणि बोटाने तार छेडत होते.

साडेतीन झाले असतील. पावलं आली.

आधी सवयीप्रमाणे वरून, मंदिराच्या छतावरून आल्यासारखी वाटली. चार सरळ. थांबा. धप्प. मी नामाचा आवाज चढवला. पावलं वाढली. घाम मानेवरून पाठीत ओघळला. तेवढ्यात माझं बोट तारेवरून निसटलं. हात खाली आला. आणि तरीही वीणा वाजत होती. बारीक आवाजात, ऐकणाऱ्याला भास वाटावा इतकी. मी भोपळ्याकडे पाहिलं. तारा थरथरत होत्या. भोपळा माझ्या छातीशी टेकलेला होता आणि आतलं लंगडं पाऊल पडलं की तार बोलत होती. चार वेळा. मग गप्प. मग एकदा जोरात.

आता सांगते, अंगावर काटा आला म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. एरवी मी तो शब्द फोडणीत मोहरी टाकावी तसा वापरते.

डोळ्यांपुढे काळं-पिवळं झालं. आई दिसली नाही, पण तिचं सूप दिसलं, अर्धवट निवडलेल्या धान्याचं. मला खात्री पटली की हीच ती वेळ. बसले तर वीणा टेकणार. टेकवली तर इतक्या वर्षांचा नेम माझ्या हातून मोडणार. आणि हाक मारायची तर तोंडात फक्त नाम. म्हणून मी तेच केलं. जीव खाऊन ओरडले, "विठ्ठल! विठ्ठल! पांडुरंगा!" त्या प्रत्येक हाकेचा अर्थ होता, अगं मेल्यांनो, या, मी मरतेय.

आतल्या खोलीत हालचाल झाली. दार उघडलं. चार-पाच बायका डोळे चोळत आल्या. माझे डोळे वटारलेले, चेहरा घामाने निथळलेला, केस सुटलेले, अंग थरथरतंय आणि मुखी विठ्ठल. त्या दारातच थबकल्या. एकीने हात जोडले.

"काकू, भाव आला हो त्यांना!"

"हळू बोल," गोदाकाकू पुढे येत म्हणाल्या. "पाच दिवसांत कोणाला नाही, नेमका हिला! जिला मी आयुष्यभर वटवटी म्हणत आले!" आणि सत्तरी उलटलेल्या त्या बाईने वाकून माझ्या पायांना हात लावला. मी मान हलवली, नाही नाही, आणि आणखी मोठ्याने ओरडले, "विठ्ठल!" दुसरीने माझ्या कपाळाला बुक्का फासला. तिसरीने देवाच्या गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात घातला, म्हणजे वजनात भर. मी एकीचा पदर धरायला हात पुढे केला, तर तिने तो आशीर्वाद समजून त्याखाली डोकं घातलं.

"चला गं सगळ्या आत," काकू कुजबुजल्या. "तिला त्याच्याजवळ राहू द्या. अशा वेळी जवळ थांबू नये."

आणि पाऊल न वाजवता त्या सगळ्या निघून गेल्या, दार हलकेच ओढून घेऊन. इतक्या श्रद्धेने मला कोणी कधीच मरायला सोडलं नव्हतं.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून गेले होते. कुसुमवन्संचा पत्ता नव्हता. मी विठोबाकडे पाहिलं. तो होता तसाच. नाम आता आवाजात निघत नव्हतं, फुटत होतं. तारा भराभर थरथरत होत्या.

तेव्हा मला पावलं दुहेरी ऐकू आली.

एक आतली. आणि दुसरी मागच्या बाजूने, भांडी घासायच्या न्हाणीकडून. चार सरळ, थांबा, मग काठीचा धप्प, मग तीन घाईची. आतलं आणि बाहेरचं एकाच वेळी पडत होतं, जराही मागेपुढे नाही. माझी मान वळेना. ते चालणं खांबाला वळसा घालून माझ्या समोर आलं.

म्हातारी बाई होती. ठेंगणी, अंगावर धुवट पांढरी ओढणी, हातात काठी, उजवा पाय आखडलेला. तळव्यांना जुनी मेंदी. तिने विठोबाकडे एकदा पाहिलं, शेजारघरच्या माणसाकडे पाहावं तसं, आणि मग माझ्याकडे.

"क्या हुआ अम्मा? दिल दौड़रा?"

मी मान हलवली.

"गर्मी चढ़री, फिर ठंडे पसीने?"

पुन्हा मान.

"उतारो ये बाजा."

मी वीणा घट्ट धरली. ती हसली. पुढचे दोन दात नव्हते. "अच्छा अच्छा, नक्को उतारो. मैं क्या छीनरी?" आणि काठी खांबाला टेकवून तिने एक तळवा भोपळ्याखाली लावला. हात गार होता, माठासारखा. मानेवरचं सगळं वजन उतरलं. दुसरा हात तिने माझ्या पाठीवर ठेवला.

आणि मी नेम मोडला. पांडुरंगासमोर, पहाऱ्यावर, गळ्यात वीणा असताना मी नामाखेरीज दुसरं बोलले. "मला भीती वाटते," मी म्हणाले. "माझी आई अशीच गेली." ते मराठी तिला किती कळलं कोण जाणे.

"इससे कोई नै मरता, अम्मा," ती म्हणाली. "इससे मरना होता तो सब औरताँ कब की मर जातीं, रोटी कौन पकाता? ये जान का नै है, उमर का है. मेरेकू भी हुआ. मेरेकू लगता, छत पे कोई चलरा."

केबलवाला सोडला तर छताचं मी कोणालाच, कधीच सांगितलं नव्हतं.

"उसका नाम लेरे ना? लो. मगर भागो नक्को. छोड़ो लंबा." तिने ओठांचा चंबू करून हवा सोडून दाखवली, चुलीवर फुंकर घालावी तशी. मी राम म्हटलं आणि श्वास संपेपर्यंत सोडला. कृष्ण. सोडला. हरी. आपल्यामागे कोणी लागलंय अशी धावत मी इतके दिवस नाम घेत होते. ती माझ्याबरोबर नुसती मान हलवत होती. किती वेळ गेला सांगता येणार नाही. तारांची थरथर मंद झाली आणि मग थांबली. मला माझं बोट आठवलं आणि मी तार छेडली.

तिने हात काढला, काठी घेतली आणि आली तशी निघाली. आणि हे मी अगदी मीठ न घालता लिहितेय. ते लंगडं चालणं तिच्याबरोबर गेलं. चार सरळ, थांबा, धप्प, खांबापलीकडे, न्हाणीकडे, दूर. माझ्या छातीत मागे राहिलं ते एकसारखं, साधं, दुपारच्या झोपेतल्या माणसासारखं काही.

पंखा फिरू लागला. दोनच मिनिटांत मोठ्या दारावर थापा आणि आरडाओरडा. कोणीतरी कडी काढली आणि कुसुमवन्सं धापा टाकत आत. "वहिनी, माफ करा हो! मालिकेत तिची सासू नेमकी आजच शुद्धीवर आली, उठवेचना!" आम्ही एकमेकींच्या पाया पडलो. त्यांनी वीणा गळ्यात घेतली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. पहाऱ्यावर असल्यामुळे बोलता येईना. संध्याकाळी मोकळ्या झाल्यावर पहिलं वाक्य हेच म्हणाल्या, "वहिनी, या उन्हाळ्यात भोपळा खालून इतका गार कसा?"

पहारा सुटताच मी न्हाणीकडे गेले होते. मागच्या बोळात उघडणारं दार बंद होतं आणि त्याला टेकून भांडीवाली यल्लम्मा राख आणि नारळाच्या शेंड्या घेऊन बसली होती. तिच्यावरून ओलांडल्याशिवाय तिथून कोणी येऊ शकत नव्हतं. "कौन बी नै आया अम्मा," ती म्हणाली. "मैं दो बजे से इधरीच बैठी." मोठ्या दाराची कडी सगळ्यांनी पाहिलेली. त्या बोळात, मागच्या आळीत, पुढे कित्येक दिवस मी विचारत फिरले. लंगडणाऱ्या म्हाताऱ्या दोन निघाल्या. एक तेलुगू बोलायची आणि दुसरीचे सगळे दात शाबूत होते. कदाचित यल्लम्माला डुलकी लागली असेल. कदाचित नसेल. मी चौकशी एके दिवशी थांबवली, कारण मला उत्तर सापडेल अशी भीती वाटू लागली.

त्या संध्याकाळी बायका माझ्याभोवती फिरत होत्या, माझ्या केसांत बुक्का तसाच होता आणि गोदाकाकू मला स्वतःच्या हाताने दूध देत होत्या. मला हे सोसेना. त्यांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं, पाळी, पावलं, आई, म्हातारी. "आणि काकू, मी पहाऱ्यात बोलले. नेम मोडला. मला भाव-बिव काही नव्हता आला. मी तुम्हाला हाका मारत होते."

काकूंनी हातातला दुधाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे मी तुझ्या पाया पडले ते फुकट गेलं म्हणायचं." आणि मग हळू आवाजात, "मलाही व्हायचं गं. दोन वर्षं. धडधडायचं, घाम यायचा. मी समजले, देव भेटायला येतोय. कोणाला सांगितलं नाही, लोक हसतील म्हणून. पुढे थांबलं तेव्हा रडले मी. वाटलं, यायचा बंद झाला." त्या हसायला लागल्या, मी हसायला लागले आणि हसता हसता आम्ही दोघी रडलो. "आणि नेमाचं म्हणशील, तर पहाऱ्यात मी एकदा दूध उतू जातंय म्हणून ओरडले होते. तू तर तुझ्या जिवाचं बोललीस. तो काय नुसतं स्वतःचं नाव ऐकायला उभा आहे?"

सप्ताह संपल्यावर मी एका बाई डॉक्टरकडे गेले, काकूंनाच बरोबर घेऊन. त्यांनी सगळं विचारलं आणि मी सगळं सांगितलं. रक्त तपासलं, थायरॉईड पाहिलं, चहा कमी करायला लावला, रक्त फार गेलं होतं म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. पाळी जायच्या वयात असं होतं, म्हणाल्या, आणि तरी पुन्हा चक्कर आली, छातीत दुखलं तर घरी बसू नका. म्हातारीने जे मोजक्या शब्दांत सांगितलं तेच. यांना मी माळवदाची गोष्ट सांगितली. त्या दिवशी यांनी विनोद केला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसातून रजा काढून माझ्याशेजारी चटईवर येऊन पडले आणि छताकडे बघत राहिले.

पुढच्या वर्षीपासून आमच्या पहाऱ्याच्या तक्त्यात एक रकाना वाढला. प्रत्येक वीणेकरणीबरोबर एक बसणारी. तिने नाम घ्यायचं नाही, टाळ वाजवायचा नाही. वीणा धरणारीच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवायचं, एवढंच काम. गरज पडली तर उठून भोपळ्याखाली हात लावायचा. पुरुषमंडळींनी विचारलं, हे कोणत्या शास्त्रात आहे? गोदाकाकू म्हणाल्या, "लिहून घ्या, म्हणजे असेल." दुपारी दोन ते चारच्या पहाऱ्याला बसायला मीच असते. इतक्या वर्षांत तीनदा उठावं लागलं.

मी आधी समजायची, शरण जाणं म्हणजे दात-ओठ खाऊन उभं राहणं. वीणा मी आजही खाली टेकवत नाही. पण वजन कोणी घेऊ लागलं तर घेऊ देते आणि भीती वाटली तर भीती वाटते म्हणते, त्याच्यासमोरसुद्धा. त्याला त्यात काही वाईट वाटल्याचं दिसलं नाही.

पावलं अजूनही कधीतरी येतात, वर्षाकाठी एखाद्या दुपारी. चार सरळ, थांबा, धप्प. तेव्हा मी चटईवरून उठत नाही. एक हात छातीवर ठेवते, श्वास लांब सोडते आणि छताकडे बघून म्हणते, "आओ अम्मा, बैठो." थोडं चालतात. मग बसतात.